हरणासाठी कुठलं कॅलिबर? टेक्सासातल्या आपल्या पोरांसाठी

आपल्याकडची लई पोरं आता अमेरिकेत आहेत, लातूरची, नांदेडची, परभणीची, अन् त्यातली बरीच टेक्सासात डॅलस-ऑस्टिनच्या आसपास. नोव्हेंबर आला की तिथं हरणाचा सीझन उघडतो, ऑफिसातलं कुणीतरी म्हणतं चल आमच्या रँचवर, अन् मग मला मेसेज यायला लागतात, काका रायफल घ्यायचं म्हणायलोय, कुठलं कॅलिबर घेऊ? मी रेंजवर रायफल चालवणारा माणूस म्हणून विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर असं की .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८, .२७० किंवा .३०८, यातलं कुठलंही घ्या, तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, ज्याला ते व्हाइटटेल म्हणतात, त्याला ह्यातलं प्रत्येक पुरतं. ह्या पाचात भांडण करण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न हा आहे की तुम्ही त्यातली कुठली रायफल न दचकता चालवू शकता अन् तिच्यात गोळी कुठल्या जातीची घालता. जनावर काही सेकंदात पडलं पाहिजे, जखमी होऊन रात्रभर झाडीत तडफडलं नाही पाहिजे, कॅलिबर निवडायचं ते ह्यासाठी.

अन् एक गोष्ट आधीच, हे सगळं तिकडचं बोलणं चालू आहे. इकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, काळवीट तर अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे कमीत कमी ३ वर्षं अन् जास्तीत जास्त ७ वर्षं तुरुंग. बीड, धाराशिव, लातूरकडं कळपाच्या कळप हरभऱ्यात उतरतात अन् एका रात्रीत रान साफ करतात हे मला माहीत आहे, शेतकऱ्याचं नुकसान खरंय, पण त्याचा रस्ता पंचनामा अन् वनखात्याकडं भरपाईचा अर्ज हाच आहे. कुणी हे वाचून शेतातल्या आखाड्यावरची बंदूक काढणार असेल तर त्यानं इथंच थांबावं.

आता कॅलिबर म्हणजे काय ते बघू. नळीच्या आतला व्यास, बस. .३०८ म्हणजे गोळीचा व्यास ०.३०८ इंच, मिलिमीटरमध्ये साधारण ७.८, .२४३ म्हणजे ०.२४३ इंच, साधारण ६.२. आपल्याकडं गावात लोकांना बारा बोअर माहीत असते, तिथं हिशोब उलटा चालतो, नळीच्या मापाच्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात किती बसतात तो आकडा, म्हणजे बारा बसल्या की बारा बोअर, म्हणून वीस बोअर ही बाराहून बारीक. रायफलीत तसं नाही, आकडा मोठा तर भोक मोठं.

पण नावावर जाऊ नका, कारण ही नावं ठेवताना कुणी एक नियम पाळलेला नाही. .२७० ची गोळी खरं मोजली तर ०.२७७ इंच भरते. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६, अमेरिकन लष्करानं ते काडतूस घेतलं ते वर्ष. .३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे सुरुवातीला त्यात ३० ग्रेन (हे वजनाचं माप, पुढं सांगतो) दारू भरायचे म्हणून. अन् .३०८, .३०-०६, .३०० विंचेस्टर मॅग्नम, ह्या तिन्हींची गोळी एकाच व्यासाची आहे, ०.३०८ इंच! फरक आहे तो मागच्या पितळी नळकांड्याचा, त्यात दारू किती मावते त्याचा. म्हणून नुसतं कॅलिबर विचारून भागत नाही, काडतूस कुठलं ते विचारावं लागतं.

काडतूस हातात घेऊन बघा एकदा. खाली पितळेची केस, तिच्या बुडाला मधोमध छोटा गोल प्रायमर, त्याच्याभोवती कोरलेली अक्षरं असतात, .३०८ विन असं काहीतरी. केस सरळ वर जाते, मग खांद्यापाशी एकदम निमुळती होते अन् त्या मानेत गोळी घट्ट बसवलेली, तांब्याच्या रंगाची, शिकारीची असली तर टोकाला करडं शिसं उघडं दिसतं नाहीतर प्लास्टिकचं रंगीत टोक असतं. चाप ओढला की पिन प्रायमरवर आपटते, आतली दारू जळून गॅस होतो, गॅसला जायला एकच वाट, गोळी पुढं. बुडावरची ती अक्षरं अन् रायफलीच्या नळीवर कोरलेली अक्षरं शब्दाला शब्द जुळली पाहिजेत, बसतंय म्हणून चालतंय असं कधीच करायचं नाही. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत बसतं, बोल्ट, म्हणजे मागून काडतूस कोंडणारा दांडा, तो पण बंद होतो, अन् उडवलं की मोठी गोळी बारीक नळीत अडकून रायफल हातात फुटते. एका टेबलावर दोन जातीची काडतुसं ठेवायची नाहीत, माझा हा नियम कडक आहे.

ग्रेन हे वजनाचं माप आहे, एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एका ग्रॅममध्ये साडेपंधराच्या जवळ. १५० ग्रेनची गोळी म्हणजे फक्त पावणेदहा ग्रॅम. एवढीशी वस्तू शंभर किलोचं जनावर पाडते ती वेगावर. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते, शाळेत शिकलेलं अर्धा एम व्ही वर्ग ते हेच. ही ऊर्जा तिकडं फूट-पौंडात सांगतात. .३०८ ची १५० ग्रेनची साधी शिकारी गोळी नळीतून सेकंदाला २८२० फुटांनी निघते, ऊर्जा २६५० फूट-पौंडाच्या आसपास. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी २९६० फुटांनी निघते, ऊर्जा १९५० च्या आसपास. जुनी .३०-३०, १५० ग्रेन, २३९० फूट, ऊर्जा १९०० च्या जवळ. म्हणजे .२४३ अन् .३०-३० नळीच्या तोंडाशी जवळपास सारख्याच आहेत की! खरा फरक पुढं पडतो.

पुढं म्हणजे अंतरावर. तिकडं सगळं यार्डात बोलतात, एक यार्ड म्हणजे तीन फूट. आपल्या डोक्यात बसावं म्हणून सांगतो, एक एकराचं चौरस रान असलं तर त्याची एक बाजू साधारण ७० यार्ड भरते. म्हणजे २०० यार्ड म्हणजे जवळपास तीन एकरांच्या बाजू एकापुढं एक. धुऱ्यावर उभं राहून तिसऱ्या रानाच्या टोकाला उभं असलेलं जनावर बघा, मग कळतं दोनशे यार्ड काय असतंय. रायफलीवरच्या दुर्बिणीत ते जवळ दिसतं म्हणून माणूस फसतो.

हरणासाठी एक ढोबळ आकडा लोक वापरतात, गोळी जनावराला लागताना तिच्यात निदान १००० फूट-पौंड राहिले पाहिजेत. हा काही निसर्गाचा नियम नाही, पण अंदाजाला चांगला आहे. त्या हिशोबानं .३०-३० ची बोथट गोळी दीडशे यार्डाच्या पुढं कमी पडायला लागते, दोनशेला ती ८५० वर आलेली असते. .२४३ ची टोकदार गोळी तीनशे यार्डाला सुद्धा हजाराच्या जरा वर असते, .३०८ ची तेराशेच्या पुढं. कामून, तर .३०-३० ची गोळी तोंडाला चपटी असते अन् हवा तिला लवकर अडवते. अन् ती चपटी कामून, तर .३०-३० बहुतेक लिव्हरवाल्या, म्हणजे चापाजवळचा दांडा ओढून भरायच्या, रायफलीत असते अन् तिच्यात काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागं एक आडवी बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं, टोकदार गोळी असली तर धक्क्यानं आतच फुटायची भीती. म्हणून .३०-३० वाईट आहे असं नाही, झाडीत साठ-सत्तर यार्डावर जिथं हरण दिसतं तिथं ती सव्वाशे वर्षं काम करत आलीय, उघड्या रानात मात्र ती घेऊन जाऊ नका.

गोळी सरळ जात नाही, निघाल्यापासून पडायलाच लागते. १०० यार्डावर निशाणा पक्का केलेली .३०८ तीनशेला साधारण चौदा-पंधरा इंच खाली लागते. हरणाच्या छातीतली काळीज-फुप्फुसाची जागा आठ इंचाच्या ताटाएवढी. म्हणजे तीनशेला छातीवर धरलं तर पोटाखालून जाईल नाहीतर पाय तुटेल. ६.५ क्रीडमूरची गोळी लांबट अन् सडपातळ, ती हवा चांगली कापते, लांबवर वारा तिला कमी ढकलतो, म्हणून २००७ मध्ये आल्यापासून ती एवढी गाजली. पण नवीन माणसानं पहिल्या एक-दोन सीझनला दीडशे यार्डाच्या पुढं चापाला बोट लावू नये असं माझं म्हणणं आहे, अन् दीडशेपर्यंत क्रीडमूर अन् .३०८ यांच्यातला फरक हरणाला कळत नाही.

आता धक्का, म्हणजे गोळी सुटताना रायफल मागं खांद्यावर आपटते तो. ह्यावर मी जास्त बोलणार, कारण चुकीचं कॅलिबर घेण्याचं मूळ इथंच आहे. दुकानात उभं राहिलं की मोठं घ्यावंसं वाटतं, सोबतचा म्हणतो मॅग्नम घे, कशालाही चालतंय. साधारण आठ पौंडाच्या रायफलीत .२४३ चा धक्का ९-१० फूट-पौंड असतो, .३०८ चा १६-१७, .३०-०६ चा २० च्या आसपास, अन् .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २५ च्या वर, म्हणजे .२४३ च्या अडीचपट. रायफल हलकी असली की हाच धक्का अजून वाढतो, अन् आजकाल डोंगरात चालायला सोपी म्हणून सहा पौंडाच्या रायफली विकतात, त्यात मॅग्नम म्हणजे खांद्याचं भुस्काट. पण दुखणं हा मोठा प्रश्न नाहीच, दुखणं दोन दिवसात जातं. प्रश्न हा की शरीर ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढं येतो, सगळा पंजा आवळला जातो, अन् गोळी निघायच्या आधी नळी खाली गेलेली असते. माणसाला वाटतं दुर्बीण बिघडली, रायफल खराब आहे, अन् तो आणखी मोठं कॅलिबर बघायला जातो.

हे तपासायचा साधा उपाय आहे. रेंजवर सोबत्याला सांगायचं की तू भर, मला दाखवू नको, कधी खरं काडतूस घाल कधी डमी, डमी म्हणजे आत दारू नसलेलं सरावाचं. नेम धरायचा, श्वास अर्धा सोडायचा, चाप ओढायचा. डमी असलं की नुसता टक आवाज येतो अन् त्या क्षणाला नळीचं तोंड काय करतंय ते सोबत्यानं बघायचं. नळी जागची हलली नाही तर ते कॅलिबर तुमचं. टक आवाजाबरोबर नळीनं खाली डुबकी मारली, भले अर्धा इंच का होईना, तर ती रायफल तुमच्यासाठी मोठी आहे, तुमची उंची-छाती कितीही असो. मी पहिलवान गड्यांना .३०-०६ मागं दचकताना बघितलंय अन् चाळीशीतल्या बारीक अंगाच्या बायकांना .२४३ नं शंभर यार्डाला एका लिंबाएवढ्या जागेत पाचही गोळ्या घालताना बघितलंय. दाखवायचं कुणाला काही नसतं.

आणखी एक, दस्त्याची लांबी, दस्ता म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकणारा भाग. तिकडच्या रायफली सहा फुटी माणसाच्या मापाच्या असतात, आपल्यातल्या साडेपाच फुटी माणसाला दस्ता लांब पडतो, मान ताणून दुर्बिणीत बघावं लागतं अन् खांद्याला तो नीट बसत नाही, मग धक्का आहे त्यापेक्षा जास्त लागतो अन् दुर्बिणीची कड भुवईवर आपटते. आखूड दस्त्याची किंवा दस्ता कमी-जास्त होणारी रायफल मागा, त्याला कॉम्पॅक्ट किंवा यूथ म्हणतात, नावाची लाज वाटून घेऊ नका. कानाला मफ अन् आत प्लग दोन्ही लावा, ह्या रायफलींचा आवाज १६० डेसिबलच्या घरात असतो, एका बारात कान कायमचा जाऊ शकतो.

आता गोळीची जात, अन् मी तर म्हणतो कॅलिबरपेक्षा हिला जास्त महत्त्व. लष्करी गोळी पूर्ण तांब्याच्या आवरणात असते, तिला फुल मेटल जॅकेट म्हणतात, ती जनावरातून अशी जाते जशी दाभण पोत्यातून, बारीक भोक पाडून आरपार, अन् जनावर दोन-दोन मैल पळतं अन् कुठंतरी जाऊन हळूहळू मरतं. म्हणून बऱ्याच राज्यांत शिकारीला ती बंदच आहे. शिकारीची गोळी लागल्यावर आत उमलली पाहिजे, व्यास दुप्पटीच्या जवळ गेला पाहिजे, म्हणजे आत रुंद वाट पडते, रक्तदाब एकदम कोसळतो अन् जनावर काही सेकंदात शुद्ध हरपतं. सगळ्यात साधी सॉफ्ट पॉइंट, टोकाला शिसं उघडं असलेली, स्वस्त आहे अन् हरणाला उत्तम आहे. प्लास्टिकच्या टोकाची लवकर उमलते, जवळून फार वेगात लागली तर कधी वरच फुटून जाते अन् खांद्याचं मटण खराब होतं. बॉन्डेड म्हणजे शिसं अन् तांबं एकमेकाला जोडलेलं, ती फुटत नाही, मोठ्या जनावराला बरी. अन् पूर्ण तांब्याची, जिच्यात शिसं नसतंच.

शिशाचं मनावर घ्या. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत मासात जातात, डोळ्याला दिसत नाहीत, एक्स-रेत दिसतात. ते मटण घरी लेकरं खाणार आहेत. रानात टाकलेली आतडी गिधाडं खातात, कॅलिफोर्नियातली काँडर गिधाडं ह्याच शिशानं मरायला लागली म्हणून तिथं १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. गिधाडं संपली की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, आपल्याकडं डायक्लोफेनॅकनं ती गेली अन् गावाबाहेर मेलेली ढोरं तशीच पडून राहायला लागली. घरात बारकी लेकरं असतील तर तांब्याची गोळी घ्या, थोडी महाग पडते, पडू द्या. तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळं त्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून तांब्यात एक पायरी कमी ग्रेन घ्यायचं, .३०८ ला १५० ग्रेनचीच चांगली, १८० च्या मागं लागू नका.

लागायचं कुठं? जनावर आडवं उभं असावं, पुढच्या पायाच्या जरा मागं, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाजवळ. तिथं दोन्ही फुप्फुसं अन् वरचा काळजाचा भाग सापडतो. डोक्यावर नेम धरणं मला मान्यच नाही, मान हलली की जबडा तुटतो अन् ते जनावर उपाशी मरतं. छातीत नीट लागलं तरी हरण पन्नास-शंभर यार्ड पळू शकतं, ते चुकलं असं समजून निघून जायचं नाही, उभं होतं त्या जागेवर जाऊन बघायचं. लाल भडक फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, जवळच पडलेलं सापडेल. गडद, काळपट लाल म्हणजे काळीजाच्या मागं यकृतात लागलंय, तास-दोन तास थांबायचं. हिरवट, चाऱ्याचा वास असलेलं म्हणजे पोटात, तिथं लगेच मागं धावलं की ते भीतीनं मैलभर जातं, चार-सहा तास थांबूनच जायचं. अन् इथं गोळी आरपार गेलेली असली की दुसऱ्या बाजूनं पण रक्त पडतं अन् माग काढता येतो, बारीक कॅलिबरची ही एक खरी कमजोरी आहे, .२४३ ची गोळी बऱ्याचदा आतच राहते. म्हणून .२४३ घेणाऱ्यानं ९०-१०० ग्रेनची किंवा तांब्याची गोळी घ्यावी, कोल्ह्यासाठीची ५५-५८ ग्रेनची हरणाला कधीच नाही.

मग .२२३ चं काय, ते पण विचारायलेत, कारण ह्या कॅलिबरची एआर रायफल, लष्करी धाटणीची सेमी-ऑटोमॅटिक, बऱ्याच जणांकडं असते. टेक्सासात कायद्यानं चालतं, तिथं हरणाला रिमफायर, म्हणजे प्रायमर मधोमध नसून बुडाच्या काठात असलेली .२२ वगैरे, बंद आहे, सेंटरफायर, म्हणजे मधोमध प्रायमरवालं, कुठलंही चालतं. पण चालतं म्हणून घेऊ नये असं माझं मत. अनुभवी माणूस चांगली गोळी घालून शंभर यार्डाच्या आत नीट मारतो, नवीन माणसाला चूक करायला जागाच उरत नाही. कोलोरॅडोत तर .२४ पेक्षा कमी कॅलिबर चालतच नाही, गोळी उमलणारी, हरणाला निदान ७० ग्रेनची अन् शंभर यार्डावर १००० फूट-पौंड, असं नियमातच आहे. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांसाठी .२४० इंच अन् १७०० फूट-पौंड ही किमान मर्यादा. ओहायोत वेगळीच गोष्ट, सपाट प्रदेश अन् वस्ती दाट म्हणून लांब जाणाऱ्या रायफली नको, तिथं सरळ केसवाली, म्हणजे मानेशी निमुळती न होणारी, काडतुसं लागतात, .३५० लेजंड हे २०१९ मध्ये त्याच बाजारासाठी आलं, दीडशे-पावणेदोनशे यार्डापर्यंत चांगलं अन् धक्का पण कमी. तर दुकानात जायच्या आधी आपल्या राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याचं ह्या वर्षीचं नियमपुस्तक वाचा, मागच्या वर्षीचं नाही.

टेक्सासवाल्यांनी अजून एक ऐकावं, तिथं आपलीच जनावरं आहेत! काळवीट अन् चितळ १९३० च्या दशकात तिथं नेऊन सोडले, चितळाला ते ॲक्सिस म्हणतात, अन् रोही, म्हणजे नीलगाय, दक्षिण टेक्सासात किंग रँचवर त्याच सुमाराला सोडली, आता तिथं रानटी कळप आहेत. बाहेरची जनावरं म्हणून त्यांना सीझन नाही, मर्यादा नाही, लायसन्स अन् जमीनमालकाची परवानगी लागते. बीडच्या माळावर जे काळवीट आपण बघतो ते तिथं कुंपणात विकायला आहे हे बघून पोटात कालवतं हे खरं, पण तिथं त्यांची संख्या आवरावी लागते हे पण खरं. कॅलिबरच्या हिशोबानं काळवीट ३०-४० किलोचं, .२४३ भरपूर झालं. चितळ व्हाइटटेलच्याच मापाचं. पण रोही वेगळं प्रकरण आहे, नर दोनशे किलोच्या वर, खांद्यावरचं कातडं जाड, हाडं मजबूत, अन् जीव चिवट. तिला .३०-०६ अन् मजबूत बॉन्डेड किंवा तांब्याची १८० ग्रेनची गोळी हे कमीत कमी, तिथले गाइड लोक .३०० मॅग्नम आणा म्हणतात. मॅग्नमचं खरं काम असेल तर ते इथं, अन् ज्याला ती न दचकता चालवता येते त्यानंच.

व्हिसाचं सांगितलं नाही तर लेख अर्धा राहील. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला तिथल्या फेडरल कायद्यानं बंदूक अन् काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे, त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. लायसन्सची तारीख संपली अन् रायफल घरात कपाटात राहिली की गुन्हा, शिकार केली नाही तरी. हे विसरून ग्रीन कार्डाचं वाटोळं करून घेऊ नका. ग्रीन कार्डवाल्याला ही अट नाही. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ नंतर जन्मलेल्याला, त्या दिवशी जन्मलेला पण त्यात आला, हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, ऑनलाइन होतो, पण जमलं तर प्रत्यक्ष वर्गात करा, तिथं रायफल कुंपणावरून कशी न्यायची हे हातानं करून घेतात.

विकत घेताना काडतूस सगळीकडं मिळतं का ते बघा. २०२० मध्ये कोविडात दुकानांचे शेल्फ रिकामे झाले होते, तेव्हा अनोळखी कॅलिबरवाले दोन सीझन बसून राहिले. .३०८, .२७०, .३०-०६, .२४३, क्रीडमूर, ही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात पण असतात. ७ एमएम-०८ माझी आवडती, .३०८ चीच केस जरा निमुळती केलेली, धक्का कमी अन् मारा पुरेपूर, पण छोट्या गावात कधीकधी मिळत नाही. मला एकच निवडायला सांगितलं तर नवीन माणसाला मी .३०८ नाही, ६.५ क्रीडमूर देईन, धक्का कमी म्हणून, सात-साडेसात पौंडाची रायफल, १४० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट. बारीक अंगाच्या माणसाला .२४३. अन् बजेट हजार डॉलरचं असेल तर रायफल चारशे-पाचशेची घ्या, उरलेले चांगल्या दुर्बिणीत अन् सरावाच्या काडतुसांत घाला. ज्या गोळीनं शिकार करणार तीच खोका न बदलता सराव करा, ब्रँड बदलला की गोळी दुसरीकडं लागते.

अन् दिवाळीला गावाकडं येताना शिकारीचं जॅकेट, पिशवी, गाडीत ठेवलेली बॅग, सगळे खिसे उलटे करून झटका. एक जिवंत काडतूस जरी हैदराबाद नाहीतर मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, चुकून राहिलं म्हणून सोडत नाहीत, अन् मग लातूरला पोचायच्या ऐवजी वकील शोधत बसावं लागतं. रिकामी पितळी केस पण आठवण म्हणून आणू नका.